अमेरिकेची एकविशी

मिलवॉकीला मुलीकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. मिलवॉकी हे विस्कॉन्सिन राज्यातले, मिशिगन सरोवराच्या काठावरचे शहर. शुक्रवारी संध्याकाळी तळलेले मासे खायला सहकुटुंब बाहेर पडायचे, ही तिथली जुनी रीत. आम्हीही गेलो. शेजारच्या टेबलावर आईवडील आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा असे एक कुटुंब बसले होते. वडिलांनी बिअरचे दोन ग्लास मागवले. वाढणाऱ्या बाईने एक त्यांच्यापुढे ठेवला आणि दुसरा सरळ त्या मुलापुढे. अमेरिकेत एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय दारूला हात लावता येत नाही, एवढे माझे ज्ञान पक्के होते. मी जावयांना हळूच विचारले, "अहो, पोलीस आले तर?" ते हसले. "इथे चालतं, बाबा. आई किंवा वडील सोबत असले की झालं."

दोन दिवसांनी शिकागोला गेलो. अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर, पण राज्य दुसरे, इलिनॉय. तिथल्या एका दुकानात वाइनची बाटली घेऊन मी पैसे द्यायला उभा राहिलो, तर काउंटरवरच्या पोराने ओळखपत्र मागितले. माझ्या डोक्यावर एकही केस काळा उरलेला नाही. पासपोर्ट मिलवॉकीला राहिला होता. पोरगा नम्रपणे नाही म्हणाला आणि बाटली पुन्हा फळीवर गेली. आता हे खरे, की तो त्या दुकानाचा नियम होता, राज्याचा कायदा नव्हे. पण त्या मासे खाणाऱ्या कुटुंबातल्या मुलालाही इलिनॉयच्या हॉटेलात बिअर मिळाली नसती, वडील शेजारी बसलेले असले तरीही. तो मात्र कायदाच.

जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला असे कोडे पडले की स्वस्थ बसवत नाही. मी शोधायला लागलो आणि दारूपेक्षा रस्त्यांबद्दलच जास्त वाचत बसलो.

अमेरिकेतली राष्ट्रीय दारूबंदी सगळ्यांना माहीत असते. १७ जानेवारी १९२० रोजी ती अमलात आली. चोरटे गुत्ते, अल कपोन, शिकागोच्या टोळ्या, हे सगळे आपण सिनेमात पाहिलेले आहे. ही दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली, हेही पुष्कळांना ठाऊक असते. ती कशी उठली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे. घटनेची एकविसावी दुरुस्ती अगदी छोटी आहे. पहिल्या कलमाने दारूबंदीची अठरावी दुरुस्ती रद्द केली. दुसऱ्या कलमाने सांगितले की, एखाद्या राज्याच्या कायद्यात दारूला मज्जाव असेल, तर त्या राज्यात ती नेणे हा घटनेचा भंग ठरेल. म्हणजे केंद्राने हात झटकले. ज्याने त्याने आपापल्या घरापुरते पाहावे, असे ठरले. गंमत म्हणजे दुरुस्ती मंजूर व्हायला छत्तीस राज्यांची संमती लागत होती, आणि छत्तिसावे राज्य ठरले यूटा; मॉर्मन पंथाचे, म्हणजे दारू तर सोडाच, चहा-कॉफीही वर्ज्य मानणाऱ्यांचे.

'ज्याने त्याने' म्हणजे कोणी, हे पाहायला थोडे मागे जावे लागेल. राष्ट्रीय दारूबंदीच्या कितीतरी आधीपासून अमेरिकेचे तुकडे दारूबाबत वेगवेगळे वागत आले होते. ईशान्येकडच्या मेन राज्याने १८५१ सालीच दारूबंदीचा कायदा केला होता. कॅन्सस राज्याने १८८० साली ती थेट आपल्या घटनेत घातली. पुढे याच कॅन्ससमध्ये कॅरी नेशन नावाच्या बाई हातात कुऱ्हाड घेऊन बेकायदा गुत्त्यांतल्या बाटल्या आणि आरसे फोडत हिंडल्या. दक्षिणेत बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट चर्चचा दारूला कडवा विरोध. उलट विस्कॉन्सिन जर्मन स्थलांतरितांनी भरलेले. त्यांच्याकडे रविवारी चर्चहून परतताना बायकामुलांसह बिअरच्या बागेत बसणे हा सभ्य घरचा शिरस्ता होता. पॅब्स्ट, श्लिट्झ, मिलर ही बिअरची नावे मिलवॉकीचीच. वडिलांच्या शेजारी बसून बिअर पिणारा तो मुलगा मला धक्कादायक वाटला, पण त्याच्या पणजोबांना त्यात विशेष काही वाटले नसते.

१९३३ नंतर प्रत्येक राज्याने आपले आपले तंत्र बसवले. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर गिफर्ड पिंचो हे दारूबंदीवाले. बंदी टिकत नाही म्हटल्यावर त्यांनी दुकाने सरकारी केली. दारू विकत घेणे लोकांना शक्य तितके गैरसोयीचे आणि महाग पडावे, हा हेतू त्यांनी लपवून ठेवला नाही. आज १७ राज्यांत दारूच्या घाऊक व्यापारावर सरकारचा ताबा आहे. त्यातले न्यू हॅम्पशायर मात्र उलट्या बुद्धीचे: त्याने आपली सरकारी दुकाने ऐन महामार्गावर थाटली. विक्रीकर नाही, त्यामुळे शेजारच्या राज्यातले लोक गाड्या भरून नेतात. कित्येक राज्यांनी निर्णय आणखी खाली, काउंटीवर सोडला. काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्याएवढी समजा. तिथे मतदान होते, आणि दारू हवी की नको हे लोक ठरवतात. आपल्याकडे महिलांच्या मतदानाने दुकान बंद करण्याची 'आडवी बाटली' आहे, तिचीच ही लांबची बहीण. अशाच मोकळिकीतून टेनेसीतल्या लिंचबर्ग गावाची ती प्रसिद्ध विसंगती जन्मली. जॅक डॅनियल्स ही जगभर खपणारी व्हिस्की तिथे तयार होते, आणि त्या काउंटीत दारूविक्रीला बंदी! पुढे कारखान्याला स्मरणचिन्ह म्हणून खास बाटल्या विकायची सवलत मिळाली, एवढेच.

कॅन्ससने आपली बंदी १९४८ साली उठवली, ओक्लाहोमाने १९५९ साली. कॅन्ससमध्ये बाटली घरी नेता येत होती, पण पेल्याने विकणारे खुले बार १९८६ पर्यंत घटनेनेच निषिद्ध होते. १९७०च्या दशकात तिथल्या व्हर्न मिलर नावाच्या महाधिवक्त्याने हा नियम इतका मनावर घेतला, की राज्यातून जाणाऱ्या रेल्वेगाडीवर छापा घातला आणि विमान कंपन्यांना बजावले, कॅन्ससच्या आकाशातून जाताना प्रवाशांना दारू द्यायची नाही. विमानातल्या माणसाने खाली पाहून सीमा कशी ओळखायची, हा प्रश्न त्यांना पडला नसावा.

सगळ्यात शेवटी बंदी उठवली मिसिसिपीने, १९६६ साली. मिसिसिपीची गोष्ट मला सर्वांत आवडते. दारू विकणे गुन्हा. आणि १९४४ पासून त्याच बेकायदा दारूवर राज्य सरकार रीतसर कर वसूल करत होते. कर-वसुली अधिकाऱ्याला कमिशन मिळे, त्यामुळे त्याची कमाई राज्यातल्या भल्याभल्या पदाधिकाऱ्यांच्या वर जाई. विल्यम विंटर हे त्या जागेवर आले, तेव्हा हे पदच रद्द करा, असा आग्रह त्यांनी स्वतःच धरला. पुढे ते गव्हर्नर झाले. १९५२ साली नोआ स्वेट नावाच्या तरुण आमदाराने दारूवर एक भाषण केले, ते अजून लोकांच्या तोंडी आहे. दारू म्हणजे संसार उद्ध्वस्त करणारी सटवी असेल तर आपला तिला विरोध, आणि दारू म्हणजे मैफल रंगवणारा व शाळा-इस्पितळांना कर मिळवून देणारा पदार्थ असेल तर आपला पाठिंबा, असा त्याचा मथितार्थ होता. आपल्या राजकारण्यांनी शिकवणी लावावी असा हा गृहस्थ.

आता वयाकडे येतो. १९३३ नंतर बहुतेक राज्यांनी किमान वय एकवीस ठरवले. या आकड्यामागे वैद्यकशास्त्र नव्हते. जुन्या इंग्रजी कायद्यात माणूस एकविसाव्या वर्षी सज्ञान होई, तोच आकडा उचलला. काही राज्यांनी अठरा ठेवले. न्यूयॉर्क त्यातले मोठे. ओक्लाहोमाने तर सौम्य बिअरसाठी मुलींना अठरा आणि मुलांना एकवीस अशी वाटणी केली. पकडलेल्यांच्या आकडेवारीत अठरा ते वीस वयाच्या मुलांपैकी शंभरात दोन, तर मुलींपैकी हजारात दोनहूनही कमी दारू पिऊन गाडी चालवताना सापडत होत्या, असा सरकारचा युक्तिवाद. पण कायद्याने बंदी होती ती फक्त मुलांना विकायला. मुलीने विकत घ्यायची आणि बाहेर गाडीत बसलेल्या मित्राच्या हाती द्यायची, याला आडकाठी नव्हती. एक विद्यार्थी आणि दुकानाची मालकीण मिळून न्यायालयात गेले. रूथ बेडर गिन्सबर्ग तेव्हा वकिली करत होत्या. त्यांनी या खटल्यात साहाय्य केले. डिसेंबर १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मोडीत काढला. बिअरच्या या क्षुल्लक भांडणातून स्त्री-पुरुष समानतेच्या खटल्यांना पुढे कायमची कसोटी मिळाली. गिन्सबर्ग १९९३ साली स्वतः त्याच न्यायालयात न्यायाधीश झाल्या.

तोवर व्हिएतनामचे युद्ध होऊन गेले होते. अठरा वर्षांच्या मुलाला लढायला पाठवता, मग मत का देऊ देत नाही, या प्रश्नाला उत्तर नव्हते. १ जुलै १९७१ रोजी मतदानाचे वय घटनादुरुस्तीने अठरा झाले. मत देता येते, मरता येते, मग बिअर का नाही? हा त्यापुढचा प्रश्न सहज आला, आणि पाच-सहा वर्षांत सुमारे तीस राज्यांनी आपली मर्यादा खाली आणली. कुठे अठरा, कुठे एकोणीस, कुठे वीस. कुठे बिअरला एक आणि व्हिस्कीला दुसरी.

नकाशावर हे रंगीबेरंगी दिसते. पण अमेरिकेतला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पायी चालत नाही. त्याच्याकडे गाडी असते, आणि त्याला अडवायला राज्याच्या सीमेवर नाका नसतो. इलिनॉयने १ जानेवारी १९८० पासून आपले वय पुन्हा एकवीसवर नेले. विस्कॉन्सिनमध्ये अजून अठराच होते. मी ज्या रस्त्याने मिलवॉकीहून शिकागोला गेलो, त्याच रस्त्यांवर शनिवारी रात्री इलिनॉयची पोरे उलट दिशेने जात. सीमा ओलांडली की पहिल्याच वळणावर बार. पहाटे बार बंद झाला की त्याच रस्त्याने परत. न्यू जर्सीने १९८३ साली वय एकवीस केले. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये ते एकोणीस. तिथेही तेच. वर्तमानपत्रांनी या सीमांना 'रक्ताच्या सीमा' असे नाव दिले. ज्या राज्याने मुलांच्या काळजीने कायदा कडक केला, त्यानेच आपल्या मुलांना रात्री शंभर किलोमीटर गाडी हाकायला लावली, असा हा उफराटा प्रकार होता. एखादे राज्य एकट्याने शहाणे होऊन भागत नव्हते.

मे १९८० मध्ये कॅलिफोर्नियात कॅरी लाइटनर ही तेरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालत असताना दारूच्या नशेतल्या ड्रायव्हरने तिला उडवले. तिची आई कँडी लाइटनर यांनी त्याच वर्षी मद्यपी ड्रायव्हरांविरुद्ध मातांची संघटना उभी केली. त्या संघटनेने पुढच्या चार वर्षांत देश हलवला. इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण ती सहसा सुटते. त्या मुलीला मारणारा माणूस तरुण नव्हता. तो चाळिशी उलटलेला, आधीही याच गुन्ह्यात सापडलेला इसम होता. आणि कॅलिफोर्नियात वयाची अट १९३३ पासून एकवीसच होती. म्हणजे ज्या अपघाताने चळवळ सुरू झाली, तो वयाच्या कायद्याने टळणारा नव्हता. दुःख एका जागचे होते, कायदा दुसऱ्या जागी बसला. असे इतिहासात वरचेवर होते.

देशभर एकच वय हवे, हे आता दिसत होते. पण ते ठरवायचे कोणी? १९३३च्या घटनादुरुस्तीने केंद्राने तो अधिकार राज्यांना देऊन टाकलेला. मग तोड निघाली ती तिजोरीतून. महामार्गांसाठी केंद्र राज्यांना पैसा देते. न्यू जर्सीचेच दोन प्रतिनिधी, काँग्रेसमधले जेम्स हॉवर्ड आणि सेनेटर फ्रँक लॉटनबर्ग, यांनी पुढाकार घेतला. न्यू जर्सीचेच का, हे आता सांगायला नको. जे राज्य वय एकवीस करणार नाही, त्याचा महामार्ग निधी पहिल्या वर्षी पाच टक्के आणि पुढे दहा टक्के कापायचा, असा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जन्मभर राज्यांच्या अधिकारांचा पुरस्कार केलेला. आधी त्यांचा विरोध होता. पण १७ जुलै १९८४ रोजी त्यांनी सही केली, तेव्हा लाइटनरबाई तिथे हजर होत्या.

साउथ डकोटाने दंड थोपटले. तिथे एकोणिसाव्या वर्षी सौम्य बिअर मिळत असे. घटनेने जे केंद्राला थेट करता येत नाही, ते पैशाच्या लगामाने करवून घेता येते काय, असा त्यांचा सवाल. जून १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी केंद्राच्या बाजूने कौल दिला. एवढी कपात म्हणजे जबरदस्ती नव्हे, थोडेसे प्रोत्साहन आहे, असे सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांचे म्हणणे. सँड्रा डे ओकॉनर यांनी विरोधी निकाल लिहिला. रस्त्याच्या पैशाला अट घालायची तर ती रस्ता कसा बांधावा याची घाला, कोणी काय प्यावे याची कशाला, असा त्यांचा रोख. माझे वैयक्तिक मत विचाराल तर तर्क ओकॉनरबाईंचा सरस होता, आणि तरीही निकाल तसा लागला नाही हे बरे झाले. १९८८ साली वायोमिंगने मान तुकवली आणि पन्नासही राज्ये एकविशीत आली.

लुइझियानाने मात्र शेवटपर्यंत मिश्कीलपणा केला. एकविशीखालच्याने विकत घेणे गुन्हा, असे लिहिले. दुकानदाराने त्याला विकणे गुन्हा, असे लिहायचे राहून गेले! ही फट १९९५ साली बुजवली. तेव्हा मार्च १९९६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा वयावरून केलेला भेदभाव आहे म्हणून कायदाच रद्द ठरवला, आणि जुलैत फेरसुनावणी घेऊन आपलाच निकाल फिरवला. त्या चार महिन्यांत न्यू ऑर्लिन्सच्या अठरा वर्षांच्या पोरांची काय चंगळ असेल!

मग विस्कॉन्सिनच्या त्या मुलाचे काय? उत्तर कायद्याच्या शब्दांत आहे. केंद्राने राज्यांकडून मागितले होते ते एकविशीखाली दारू 'विकत घेणे' आणि 'सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणे' बंद करा, एवढेच. पिण्याविषयी अट नव्हती. धार्मिक विधी, औषध आणि आईवडिलांची सोबत यांना वगळले होते. विस्कॉन्सिनने १ सप्टेंबर १९८६ रोजी वय एकवीस केले, आणि घरच्या वडीलधाऱ्यांसोबत पिण्याची जुनी जर्मन मुभा तशीच ठेवली. टेक्सासमध्येही आईवडिलांच्या नजरेसमोर पिता येते. कॅरिबियन समुद्रातल्या अमेरिकी पोर्टो रिकोने तर निधी कापून घेतला, पण वय अठराच ठेवले. सारखेपणा आला तो आकड्यापुरता.

आणि सीमा संपल्या असेही नाही. साउथ डकोटात पाइन रिज ही लाकोटा आदिवासींची राखीव भूमी आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना दारू विकण्यावर १९५३ पर्यंत केंद्राचीच बंदी होती. ती उठल्यावरही पाइन रिजने आपल्या हद्दीत दारूबंदी ठेवली. हद्दीला लागून नेब्रास्का राज्यात व्हाइटक्ले नावाची डझनभर लोकांची वस्ती होती. तिथे बिअरची चार दुकाने होती, आणि ती वर्षाला पस्तीस लाखांच्या आसपास डबे विकत. घेणारे कोण, हे उघड होते. या दुकानांसमोर वर्षानुवर्षे निदर्शने झाली. परवाने नेब्रास्काचे आणि दुःख साउथ डकोटाचे, म्हणून कोणी हलत नव्हते. अखेर २०१७ साली परवान्यांचे नूतनीकरण नाकारले गेले. आपल्याकडे वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. चंद्रपूरने २०१५ ते २०२१ तो प्रयोग करून पाहिला. तिकडच्या वाचकांना मी व्हाइटक्ले समजावून सांगायची गरज नाही.

एकविशीने किती जीव वाचले? महामार्ग सुरक्षेच्या केंद्रीय खात्याचा अंदाज वर्षाला सुमारे नऊशेचा आहे. ते सगळे श्रेय वयाच्या कायद्याला द्यावे काय, यावर वाद आहे. त्याच काळात सीटबेल्ट आले, गाड्या सुधारल्या. २००८ साली शंभराहून अधिक महाविद्यालयप्रमुखांनी एका निवेदनावर सह्या केल्या, की या कायद्याने मुले पिणे थांबवत नाहीत, वसतिगृहाच्या खोलीत दार लावून भराभर पितात; तेव्हा यावर पुन्हा विचार व्हावा. मातांच्या संघटनेने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. विचार झाला नाही.

विस्कॉन्सिनमध्ये २०१७ साली काही आमदारांनी वय पुन्हा एकोणीस करायचे विधेयक आणले होते. त्यात अट घातली होती की, केंद्राचा महामार्ग निधी कापला जाणार नसेल तरच हे लागू व्हावे. ते बारगळले. त्या राज्यात दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडणे हा फौजदारी गुन्हासुद्धा नाही. दंड होतो, परवाना जातो, पण गुन्हेगार म्हणून नोंद होत नाही. सगळ्या अमेरिकेत असे हे एकच राज्य. हे मला जावयांनी त्या रात्री परतताना गाडीत सांगितले. शेजारच्या टेबलावरचा मुलगा अर्धा ग्लास तसाच टाकून उठला होता. गाडीची किल्ली त्याच्या आईच्या हातात होती.